विडरचा रंग दर पावसाळ्यात का उडतो, आणि मडगार्डच्या आत काय बसवावं

मृगाच्या तोंडावर पॉवर विडर (तण काढायचं लहान इंजिनाचं यंत्र) रंगवायचा, कोळपणीला काढायचा आणि पोळ्यापर्यंत मडगार्डवरचे पोपडे नखानं सोलायचे, हे परभणी-हिंगोलीकडं घरोघरी चालू आहे. दोष दरवेळी रंगाच्या डब्यावर जातो. पुढच्या वर्षी महागाचा डबा येतो, आणि पोळ्याला पुन्हा तेच. उन्हाळ्यात वर्कशॉपवर विडर टेम्पोतून उतरायच्या आधीच मालक विचारतो, "दादा, ह्याचा रंग कामून टिकंना?"

कंपनी बदलून हे सुटत नाही. एकाच यंत्रावर टाकीखालचा रंग एका कारणानं जातो, मडगार्डच्या आतला दुसऱ्या आणि हँडलच्या बुडातला तिसऱ्याच. सगळ्यांवर एकच कोट ओढला की तिन्ही जागा आपापल्या वेळेला परत उघड्या पडतात. म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी उडालेला रंग नीट बघायचा. इथं बोलणं ७ एचपीच्या, २१२ सीसीच्या आसपासच्या पेट्रोल विडरबद्दल आहे. डिझेलवाल्याला टाकीचा, प्लगचा आणि स्वीचचा भाग सोडला तर बाकी सगळं लागू पडतं.

पोपडा उलटा करून बघा

रंगाचा एक मोठा पोपडा सोलून घ्या आणि त्याची पाठ बघा. पाठ स्वच्छ आणि खालचा पत्रा चकचकीत असेल, तर रंगानं पत्रा कधी धरलाच नव्हता. पत्र्यावर तेल होतं, किंवा तो इतका गुळगुळीत होता की रंगाला पकड मिळाली नाही. पाठीला तपकिरी भुकटी चिकटली असेल तर गंज आत शिल्लक होता आणि तो रंगाखाली वाढत गेला. पाठीवर गेल्या वर्षीचाच रंग दिसत असेल तर पत्र्याशी काही भांडण नाही. जुन्या चकाकत्या रंगावर न घासता नवा थर दिला, म्हणून दोन थर एकमेकांपासून सुटले.

आपल्याकडं पहिला प्रकार सर्वांत जास्त दिसतो, आणि त्याचं कारण जळकं ऑइल. हंगाम संपला की ट्रॅक्टरचं काढलेलं ऑइल फडक्यानं सगळ्या यंत्राला पुसायची जुनी पद्धत आहे. पात्यांना ते ठीक, तिथं रंग राहतच नाही आणि तेलामुळं गंज थोपतो. पण तेच फडकं मडगार्डवर, हँडलवर, गिअरबॉक्सच्या जोडावर फिरलं की तेल रंगाच्या बारीक भेगांतून आत उतरतं. बेल्ट आणि सीलचं रबर फुगतं ते वेगळंच. पुढच्या उन्हाळ्यात रंगारी येतो, वरून पॉलिश पेपर मारतो आणि ते तेल घासून घासून ओरखड्यांत बसवतो. मग वर कुठलाही रंग द्या.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी धुणं, मग घासणं. वाळलेली माती लाकडी पट्टीनं खरवडून काढा, कपड्याच्या पावडरच्या गरम पाण्यानं ब्रशनं धुवा, चांगलं खळबळून वाळवा आणि मग थिनरनं पुसा. थिनरला दोन फडकी लागतात. एकानं ओलं पुसायचं आणि थिनर उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं टिपून घ्यायचं. एकाच फडक्यानं पुसलं तर तेल निघत नाही, फक्त जागा बदलतं. झाल्यावर पत्र्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर पत्रा साफ. थेंब थेंब होऊन पळालं तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. ही परीक्षा फुकट आहे, तरी कोणी करत नाही.

धुताना फवारणीच्या एचटीपी पंपाचा फवारा रोटरच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर सरळ मारू नका. सील ओलांडून पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं की आतलं ऑइल दुधी होतं, आणि मग रंग बाजूला राहून गिअरबॉक्स उघडावा लागतो.

गंज काढला म्हणजे किती काढला

ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावला की गंज झटक्यात चमकायला लागतो. इथंच फसगत होते. तारेचा ब्रश सुट्टा गंज काढतो आणि खड्ड्यातला गंज दाबून पॉलिश करतो. दिसायला पत्रा साफ, पण खड्ड्यात काळा ठिपका राहतो आणि आषाढात तो फुगतो. तारेच्या ब्रशनंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर हातानं फिरवायलाच हवा. त्यानं उरलेला गंज निघतो आणि रंगाला पकडायला ओरखडेही मिळतात. खोल खड्डे असतील तर फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर पाण्यानं धुवून टाका, लगेच कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या. ॲसिड न धुता वर प्रायमर मारला तर तोही धरत नाही.

रेड ऑक्साइडचा एक हात मारून विडर तसाच महिनाभर आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) लावून ठेवायचा, "रंग नंतर बघू" म्हणून, ही दुसरी खोड. रेड ऑक्साइड एकटा पाणी अडवत नाही, तो ओल आत घेतो. शिवाय त्याच आखाड्यात शेजारी खताची पोती असतात. १०:२६:२६ सारख्या मिश्रखतात पालाश असतं, ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात, आणि क्लोराइडइतकं लोखंडाला खाणारं थोडंच काही असतं. खत हवेतली ओल ओढतं, फाटक्या पोत्यातून पाझरतं. विडरचं चाक आणि मडगार्डची कड त्यात भिजत राहते. विडर खताशेजारी ठेवू नका. जागाच नसेल तर खाली दोन विटा तरी द्या.

कडांबद्दल एक. पत्र्याच्या धारदार कडेवरून ओला रंग मागं सरकतो, त्यामुळं कड कायम पातळ राहते आणि गंज पहिला तिथून शिरतो. कानशीनं कड गोल करून घ्या आणि सगळीकडं रंग द्यायच्या आधी फक्त कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टांच्या भोवतीनं ब्रशनं एक जादा हात द्या.

टाकीखालचा चिकट पट्टा

टाकीखालचा रंग पोपड्यानं निघत नाही, तो मऊ होऊन बोटाला लागतो. हा पेट्रोलचा प्रताप. साधा सिंथेटिक इनॅमल, ज्याला आपण ऑइल पेंट म्हणतो, पेट्रोल सहन करत नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते असल्या रंगाला आणखी लवकर मऊ करतं आणि पाणीही ओढून घेतं. हंगामानंतर टाकीत पेट्रोल ठेवून दिलं तर कार्बोरेटरचे जेट चोंदतात ते याच मालामुळं. टाकी आणि कार्बोरेटरचा कप रिकामा करूनच विडर बाजूला लावा.

रंगवायच्या आधी गळती शोधा. कॉकचा वॉशर, नळीची क्लिप, झाकणाचं पॅकिंग, यातलं एक तरी बहुधा गेलेलं असतं. टाकी आणि तिच्या खालचा भाग दोन डब्यांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगानं करून घ्या. हार्डनरवाला पीयू पूर्ण सुकला की पेट्रोलचे थेंब झेलतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि स्प्रेच्या धुक्यातून ते छातीत गेलं तर कायमचा दमा मागं लागू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल तिथं काही कामाचा नाही. तेवढा भाग गाड्या रंगवणाऱ्या, बूथ आणि योग्य मास्क असलेल्या पेंटरकडून करून घ्यावा, असं माझं मत आहे.

आणि जोडी मोडू नका. एपॉक्सी प्रायमरवर पीयू, झिंक फॉस्फेटच्या नाहीतर रेड ऑक्साइडच्या साध्या प्रायमरवर सिंथेटिक इनॅमल. जुन्या ऑइल पेंटवर पीयू मारला तर त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि डोळ्यांदेखत सगळ्या रंगाला सुरकुत्या पडतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचंही तसंच. पीयूच द्यायचा असेल तर जुना ऑइल पेंट मुळापासून काढा. गिअरबॉक्सचं कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर त्याला रेड ऑक्साइड धरत नाही, तिथं एच (etch) प्रायमर म्हणून वेगळा मिळतो तो मागा.

सगळ्या विडरला रंग लागतो तरी किती? मडगार्ड, हँडल, चासी मिळून दोन-तीन चौरस मीटर. अर्ध्या लिटरमध्ये दोन हात निघतात. एक लिटर संपवायचा म्हणून जाड थर देणारे भेटतात. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो, आणि पहिल्या ढेकळाला सोलून येतो.

रंगाचा मुहूर्त

मे महिन्यात दुपारी उघड्यावर ठेवलेल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर रंग पसरायच्या आतच थिनर उडतो, वर खरखरीत कातडी होते आणि आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. पावसाळ्यात पाणी तिथूनच जातं. मृगाच्या आठ दिवस आधी रंगवणं तर सर्वांत वाईट, कारण इनॅमल हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागला तरी पक्का व्हायला आठवडा घेतो. आपल्याकडं येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) उरकली की होळीपर्यंतचा काळ चांगला. हवा कोरडी असते, पत्रा तापत नाही. सकाळचं दव उतरू द्या, ऊन थोडं वर आलं की सावलीत काम सुरू करा. शेजारच्या खळ्यावर तूर-हरभऱ्याचं मळणीयंत्र चालू असेल तर त्या दिवशी मात्र नको.

दरवर्षी एकाच जागी तपकिरी रेघ येते

हे रंगाचं दुखणं नाही, आणि धोक्याचं आहे. हँडल जिथं चासीला वेल्ड केलंय तिथं, किंवा इंजिनच्या पट्टीच्या कोपऱ्यात, केसासारखी तपकिरी रेघ येते. रंग दिला की महिन्यात परत तिथंच. ती चीर आहे. इंजिनच्या थरथरीनं लोखंड तडकलंय, चीर उघडते-मिटते आणि आतला गंज बाहेर ओघळतो.

खात्री करायची तर तेवढा रंग काढून जागा साफ करा, डिझेल लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसून काढा आणि वर खडूची बारीक पूड टाका. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल पुडीत ओली रेघ काढतं. मग चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून ती पुढं पळणं थांबवा, ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच करा, वेल्डिंग भरा आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी द्या. नुसतं वरून वेल्डिंग फिरवलं तर चीर शेजारून परत निघते. वेल्डिंगच्या आधी टाकी काढून लांब ठेवा. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात.

मडगार्डच्या आत रंग टिकणार नाही

याच जागेवर लोकांचा सर्वांत जास्त पैसा जातो. रोटर फिरताना माती, मुरूम, पऱ्हाटीची खुंटं आतल्या पत्र्यावर सारखी आदळतात. तिथं इनॅमल नाही, पीयू नाही, पावडर कोटिंगही नाही टिकत. त्यात आपली काळी जमीन. ती फुगणाऱ्या चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. वापसा यायच्या आत, म्हणजे माती मशागतीजोगी सुकायच्या आत, विडर घातला की माती पत्र्याला लिंपल्यासारखी बसते, थर पात्यांपर्यंत येतो, इंजिन दबतं आणि बेल्ट घसरून जळका वास येतो. वापशाची वाट बघा हे सांगणं सोपं आहे. दोन पावसांच्या मधे चार दिवस मिळतात, तण गुडघ्याला लागलेलं असतं आणि खुरपायला माणूस नसतो, त्यामुळं लोक घालतातच. आणि ही लिंपलेली ओली माती आषाढापासून दिवाळीपर्यंत पत्र्याला चिकटून राहते. मडगार्ड आतून बाहेर गंजतं ते त्यामुळं. बाहेरून दिसणारा फुगा बऱ्याचदा आतून आलेला असतो.

थंड देशांत घरापुढचा बर्फ उडवायला स्नोब्लोअर नावाचं यंत्र असतं. लहान पेट्रोल इंजिन, पुढं फिरणारा स्क्रू, वर बर्फ फेकणारं नळकांडं. ओला बर्फ त्या नळकांड्यात असाच चिकटून बसतो, आणि तिथली हौशी माणसं आतून गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर लावतात, फेकणाऱ्या पंख्याला रबराच्या पट्ट्या ठोकतात. त्यांचा पत्रा रस्त्यावर टाकलेलं मीठ खातं, आपला पालाश खातं. उपाय मात्र आपल्याला तसाच उचलता येतो.

अस्तराला एचडीपीई प्लास्टिक लागतं, आणि ते घराघरात आहे: २०० लिटरचा निळा ड्रम. त्याची भिंत तीनेक मिलिमीटरची असते आणि मुळातच गोलाई असल्यानं मडगार्डला बसवायला सोपी जाते. ड्रम निवडताना मात्र तो पाण्याचा नाहीतर खाण्याच्या मालाचा होता याची खात्री करा. कीटकनाशकाचा किंवा थिनरचा ड्रम घेऊ नका. थिनरच्या ड्रमला ग्राइंडर लावला तर आतल्या वाफेचा भडका उडतो. कापायला जिगसॉ किंवा साधी करवत बरी, ग्राइंडरनं प्लास्टिक वितळून गोळा होतं.

हे अस्तर सिलिकॉननं किंवा फेविकॉलच्या कुठल्याही भावंडानं चिकटत नाही. ज्या गुणामुळं त्याला माती धरत नाही, त्याच गुणामुळं गोंदही धरत नाही. बोल्टच हवेत: ६ मिमीचे, चपट्या गोल डोक्याचे, डोकं आतल्या बाजूला, बाहेर मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला). साधा नट थरथरीनं सुटून रोटरमध्ये जातो. मधलं एक भोक बोल्टाच्या मापाचं ठेवा, बाकीची ९-१० मिमीची मोठी पाडा आणि तिथं डोक्याखालीही वॉशर द्या. एचडीपीई उन्हात वाढतं, ३० अंशांच्या फरकानं मीटरला साधारण ५ मिमी. सगळी भोकं घट्ट केली तर दुपारी अस्तर पोट काढतं आणि पात्यात अडकतं.

अस्तराच्या खालची कड पत्र्याच्या कडेपेक्षा बोटभर बाहेर काढा, म्हणजे मातीचा मार पत्र्याच्या कडेला न बसता प्लास्टिकला बसतो. बसवून झालं की प्लगची कॅप काढून रोटर हातानं पूर्ण फिरवा. पात्याचं टोक आणि अस्तर यांच्यात अंगठा मोकळा जायला हवा. जागा तेवढी नसेल तर अस्तराचा नाद सोडा, किंवा मडगार्ड वॉशर घालून वर उचला. अस्तराच्या मागं थोडं पाणी जाणारच. म्हणून आतला पत्रा प्रायमर आणि रंगानं पूर्ण करून, आठवडाभर पक्का होऊ देऊनच अस्तर चढवा, आणि दिवाळीनंतर एकदा खोलून धुवा.

मडगार्डच्या मागचा कडक पत्राही काढण्यासारखा आहे. त्याच्या जागी जुन्या कन्व्हेअर बेल्टचा किंवा ट्रकच्या मडफ्लॅपचा तुकडा लोंबता सोडा. रबर चालताना हलत राहतं, माती आपोआप झडते. मात्र तिथं काहीच न लावता मोकळं ठेवू नका. मागून उडणारा दगड चालवणाऱ्याच्या नडगीवरच येतो.

अस्तरानं माती चिकटणं कमी होतं, बंद होत नाही. अगदी ओल्यात घातलं तर पात्यांच्या मुळाशी लोळ जमणारच.

पावडर कोटिंगबद्दल बरेच जण विचारतात, कारण वाळूजला, लातूरच्या एमआयडीसीत ते करून मिळतं. हँडलला आणि चाकांच्या रिमला छान. मडगार्डला माझ्या मते पैसे वाया. भट्टीत माल १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणजे आधी बेअरिंग, सील, बेल्ट, वायर सगळं उतरवावं लागतं. आणि एकदा दगडानं टवका उडाला की पाणी थराखालून सरकत जातं. ब्रशनं डागडुजी करता येईल असाच रंग शेतात बरा.

रंगवल्यानंतर नवीनच काही सुरू झालं तर

विडर सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटं चालतो, बंद पडतो. थोडं थांबलं की परत चालू. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक रंगानं बुजलंय. झाकण सैल करून चालवून बघा, न थांबता चालला तर तेच. भोक बारीक तारेनं मोकळं करा.

स्वीच बंद केला तरी इंजिन बंद होत नाही. स्वीच कॉइलला अर्थ देऊन इंजिन बंद करतो. अर्थची वायर ज्या बोल्टखाली आहे तिथं रंगाचा थर बसला की अर्थ मिळत नाही. तेवढी जागा खरवडून उघडं लोखंड काढा. हे दुरुस्त होईपर्यंत शेतात नेऊ नका.

बेल्ट चिरकतो, घसरतो: पुलीच्या खाचेत रंग गेलाय. आरपीएम वरखाली होतात: गव्हर्नरची स्प्रिंग किंवा दांडी रंगात चिकटली आहे. इंजिन नेहमीपेक्षा तापतं: सिलिंडरच्या पंखांवर रंगाचा जाड थर आहे, तो काढा. त्या पंखांना रंग द्यायचाच नसतो. सायलेन्सरला वेगळा, ६०० अंश सोसणारा ॲल्युमिनियम रंग मिळतो. तो उघड्या लोखंडावरच, प्रायमर न देता मारतात आणि इंजिन थोडं थोडं चालवून भाजून घेतात.

आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदानावर घेतलेला विडर असेल तर नंबरची पट्टी आणि इंजिनवर कोरलेला नंबर मास्किंग टेपनं झाका. त्यावर रंग चढू देऊ नका, घासू तर मुळीच नका. तपासणीला साहेब आले की आधी तो नंबरच कागदाशी ताडून बघतात. वॉरंटीत असलेल्या यंत्राला अस्तरासाठी भोकं पाडायच्या आधी डीलरला विचारून घ्या.